मुलाचा ताबा आणि मुलाची भेट



कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाला आपण व्याख्यानाला बोलावता, तेव्हा तो बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी आपली समजूत असणार. चिटणिसांनी विषय विचारला आणि आम्ही ‘विभक्त आईबापांच्या मुलांचा ताबा’ असे सांगितले, तेव्हा तेही क्षणभर गप्प झाले. आम्ही वकील नाही. आमची शाळा नववीत सुटली. कायद्याची पुस्तके वाचायला लागलो ती औद्योगिक विवाद कायद्यापासून, आणि तीही कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून. परंतु युनियनच्या कचेरीत संध्याकाळी येणारा माणूस दरवेळी पगाराचीच तक्रार घेऊन येतो असे नाही. सगळे निघून गेल्यावर एक जण मागे रेंगाळतो, टेबलाच्या कडेवर नख घासतो आणि म्हणतो, ‘साहेब, बायको पोराला घेऊन माहेरी गेली. आता काय करू?’ अलीकडे आमच्या सभासद भगिनीही याच तऱ्हेने मागे राहतात आणि सांगतात, ‘सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली आणि मला एकटीला एस.टी.त बसवले.’ या प्रश्नाला उत्तर देता यावे म्हणून आम्ही वाचत गेलो. त्याआधी आम्ही एक चुकीचे उत्तर दिले होते. तेही आज सांगणार आहोत.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. सातारा जिल्ह्यातल्या हजारो घरांची तीच तऱ्हा होती. घर गावात, बाप गिरणगावात. वर्षातून दोनदा, गावच्या यात्रेला आणि गणपतीला, ते येत. आम्ही लहानपणी त्यांना घाबरत असू. पत्र्याची ट्रंक घेऊन आलेला हा माणूस आपला बाप आहे, हे पहिल्या दिवशी पटत नसे. पटू लागे तोवर त्यांची रजा संपलेली असे. तरीसुद्धा बाप म्हणून ते आमच्या मनातून कधी पुसले गेले नाहीत, आणि याचे श्रेय आईचे. मनीऑर्डर आली की खालच्या चिठोऱ्यावरच्या दोन ओळी ती आमच्याकडून तीन तीन वेळा वाचून घेई. काही चुकले की म्हणे, ‘ह्यांना काय सांगू मी?’ १९८२ चा संप झाला आणि वडील कायमचे गावी आले, तेव्हा घरात आलेला माणूस परका नव्हता. आमच्या आईबापांत भांडणे नव्हती असे नाही, चांगली होती. पण आमच्यापुढे तिने त्यांना कधी लहान केले नाही. तात्पर्य, दूर राहणाऱ्या बापाला किंवा आईला मुलाच्या मनात जिवंत ठेवण्याची विद्या आपल्या भागाला नवीन नाही. घर मोडले की मात्र तीच विद्या आपण विसरतो.

आता कायद्याकडे वळू. आमच्या मते पहिली अडचण ‘ताबा’ या शब्दातच आहे. आपण ताबा घेतो तो जमिनीचा, गाळ्याचा, ट्रॅक्टरचा. शेजारी बांध कोरतो तेव्हा आपण ताबा सांगतो. तोच शब्द मुलाला लावला की मुलाचा सातबारा होतो आणि त्यावर कोणाचे नाव लागायचे, एवढाच वाद उरतो. कायदा मात्र यात तीन वेगळ्या गोष्टी पाहतो. एक पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीने सही करण्याचा आणि त्याची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार. दुसरी ताबा, म्हणजे मूल रोज कोणाच्या घरी जेवते आणि झोपते. तिसरी भेट, म्हणजे ज्याच्याकडे ते राहत नाही त्याला ते कधी आणि कसे भेटते. एक पालक एका गोष्टीत हरला म्हणून तिन्हींत हरला, असे नाही. न्यायालयातून बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांना हे कोणी समजावून सांगितलेले नसते.

आजही जो मूळ कायदा चालतो तो १८९० चा, पालक आणि पाल्य यांच्याविषयीचा. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. त्यात लायक बाप जिवंत असेल, तर न्यायालयाने मुलाला दुसरा पालक नेमू नये, असे कलम होते. त्या कलमात बापाच्या शेजारी ‘आई’ हा शब्द बसला तो २०१० साली. एकशेवीस वर्षे लागली! हिंदूंसाठी १९५६ साली अज्ञानत्व आणि पालकत्वाचा कायदा आला. त्याच्या सहाव्या कलमात म्हटले आहे की नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. मात्र पाच वर्षे पुरी न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा.

या कलमाचा लोकांनी लावलेला अर्थ आम्ही शंभर वेळा ऐकला आहे. ‘पाच वर्षे होऊ द्या, मग पोरगा आपोआप बापाचा.’ सहावा वाढदिवस झाला की जीप काढून मूल आणायला निघालेले लोक आम्ही पाहिले आहेत. कायद्यात असे कोठेही नाही. त्याच कायद्याचे तेरावे कलम सांगते की कोणाचाही हक्क असो, मुलाचे कल्याण सर्वांत वरचे. पाच वर्षांनंतर पारडे कोणाकडेच कललेले नसते. न्यायालय नव्याने वजन करते. मुलाला समज आली असेल, तर १८९० च्या कायद्याप्रमाणे त्याची इच्छाही विचारात घेता येते. न्यायाधीश त्याला आपल्या खोलीत बोलावून बोलतात. ताब्याचा हुकूम कायमच्या खरेदीखतासारखाही नाही. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो.

‘त्याच्यानंतर आई’ या शब्दांवरून तर मोठीच लढाई झाली. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे बाप मेल्यावर, असा अर्थ सर्रास लावला जाई. विदर्भातल्या जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या खटल्यात आईबाप कित्येक वर्षे वेगळे राहत होते, बाप मुलीच्या कारभारात लक्ष घालीत नव्हता, आणि आईने मुलीच्या जमिनीचा व्यवहार केला होता. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशा स्थितीत आईलाच नैसर्गिक पालक मानले पाहिजे. वाद जमिनीचा होता, पण वाट आयांसाठी मोकळी झाली. पुढे १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. बापाची सही आणा, नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा, असे उत्तर आले. नवऱ्याचे आणि त्यांचे एकमत होते, तरीही हे उत्तर! त्या न्यायालयात गेल्या आणि १९९९ साली निकाल लागला. ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा घ्यावा, मग ती अनुपस्थिती मृत्यूची असो, दूर राहण्याची असो, की जबाबदारी न घेण्याची. एका शब्दाचा अर्थ ठरायला कायदा झाल्यापासून त्रेचाळीस वर्षे गेली. करारातल्या एका शब्दासाठी आम्ही कधीकधी रात्रभर बसतो, त्याचे आमच्या घरच्यांना हसू येते. त्यांना आम्ही हे उदाहरण देतो.

कायद्याला हद्द असते, हीदेखील ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. इंग्लंडात कॅरोलाइन नॉर्टन नावाची एक लेखिका होऊन गेली. १८३६ साली नवऱ्याने तिची तीन मुले तिच्यापासून तोडली. त्या काळी तेथे मुलांवर आईचा काडीचाही हक्क नव्हता. तिने पत्रके लिहिली, पार्लमेंटच्या सभासदांचे उंबरे झिजवले आणि १८३९ साली सात वर्षांखालील मुलांचा ताबा आईला मागता येईल असा कायदा करून घेतला. आणि तिला स्वतःला काय मिळाले? नवऱ्याने मुले स्कॉटलंडला नेऊन ठेवली होती. तेथे तो कायदा लागू नव्हता. १८४२ साली धाकटा मुलगा घोड्यावरून पडून जखमी झाला आणि त्यातच गेला. आई पोहोचली तेव्हा उशीर झाला होता.

हे स्कॉटलंड आपल्याकडेही आहे. खानापूर, आटपाडी या बाजूची गलाईवाली मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. लग्न विट्याकडे होते, संसार दक्षिणेतल्या किंवा बंगालमधल्या एखाद्या गावी उभा राहतो, आणि बिनसले की बाई मुलाला घेऊन परत येते, किंवा तिला एकटीलाच गाडीत बसवले जाते. मग खटला कोठे चालवायचा? १८९० च्या कायद्याचे उत्तर असे की मूल सामान्यतः जेथे राहते, तेथील जिल्हा न्यायालयात. जेथे कुटुंब न्यायालय असेल तेथे त्या न्यायालयात. म्हणून मूल इकडून तिकडे पळवण्याची शर्यत लागते. पोलीस ठाण्यात जाऊन मूल पळवल्याची फिर्याद द्यावी म्हटले, तर तेथेही वाट अरुंद. बापाला मनाई करणारा न्यायालयाचा हुकूम नसेल, तर आपलेच मूल नेल्याबद्दल त्याच्यावर अपहरणाचा गुन्हा लावता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ साली म्हटले आहे. तेव्हा भांडण पेटले की आधी न्यायालयाचा तात्पुरता हुकूम घ्यावा. जीप नंतर काढावी, किंबहुना काढूच नये.

जीप काढण्याविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकतो, कारण ती आम्ही काढली होती.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक सभासद साताऱ्याकडचा. कामात चोख, मोर्च्यात पुढे. त्याची बायको तासगावकडची. ती सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी गेली होती. तो कचेरीत येऊन रडला. आम्ही त्याच्याकडून सगळे ऐकले. तिच्याकडून काहीच ऐकले नाही. सभासद आपला, म्हणजे बाजू आपली, हा आमचा तीस वर्षांचा सराव! पंधरा-वीस माणसे घेऊन तिच्या गावी गेलो. पत्रीसरकारच्या दिवसांत या जिल्ह्यांतील गावागावांत न्यायदान मंडळे बसत आणि तंटे तोडत. आपण त्याच परंपरेचे वारस आहोत, असे आम्हाला त्या दिवशी वाटत होते. तिच्या म्हाताऱ्या बापाने एवढी माणसे पाहिली आणि तो दबला. मुलगा आमच्या गाडीत बसला. वाटेत आम्ही त्याला पेढे दिले. तो खिडकीतून मागे पाहत होता. आम्हाला वाटले, बाहेरची शेते पाहतो आहे.

कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्या या भागात ऐंशीच्या दशकापासून परित्यक्तांचा प्रश्न मांडत होत्या. आम्ही त्यांच्या सभांना गेलेलो होतो, टाळ्याही वाजवल्या होत्या. त्या बाईला पाहून त्यातले एक अक्षर आम्हाला आठवले नाही.

तिने न्यायालयात अर्ज केला. तारखा पडत गेल्या. मुलगा बापाकडे, म्हणजे खरे तर आजीकडे, कारण बाप तीन पाळ्यांत. दोन वर्षांनी भेटीचा अंतरिम हुकूम झाला. बापाने सोबत म्हणून आम्हालाच नेले. न्यायालयाच्या आवारात ती बाई झाडाखाली उभी होती. हातात डबा होता. मुलगा आमच्या मागे लपला. आमचा सदरा त्याने मुठीत धरला आणि हळूच विचारले, ‘काका, त्या मला नेणार का?’ आईला ‘त्या’ म्हणायला त्याला दोन वर्षांत कोणीतरी शिकवले होते. त्या शाळेचे एक शिक्षक आम्ही होतो. बाईने डबा बाकावर ठेवला, आणि ठरलेली वेळ संपेपर्यंत तो उघडला गेला नाही.

पुढे त्या दोघांचे, म्हणजे आई आणि मुलाचे, जमले का, असे आपण विचाराल. पुरते नाही. मोठेपणी तो तिला भेटतो, ‘आई’ म्हणतो, पण तिच्या घरी मुक्काम करीत नाही. त्या बाईपुढे आम्ही चूक कबूल केली. तिने आम्हाला चहा दिला. बोलली मात्र नाही.

त्यानंतर आमच्या कचेरीत आम्ही पहिला नियम केला की या कामात दुसरी बाजू ऐकल्याशिवाय एकही शब्द द्यायचा नाही. दुसरी गोष्ट थोडी लांबून सांगावी लागेल. पोटगी आणि भेट ही दोन वेगळी खाती आहेत. बाप म्हणतो, ‘पोराला भेटू देत नाही, मग पैसे का भरू?’ आई म्हणते, ‘पैसे भरत नाही, मग पोराला का दाखवू?’ दोघांनाही आपला सौदा न्याय्य वाटतो. संप आणि टाळेबंदी आम्ही जन्मभर पाहिली आहे. तुम्ही काम बंद केले, आम्ही दार बंद करतो, हा तो प्रकार. पण कारखान्यात वेठीस धरला जातो तो माल, येथे ते मूल. पोटगी मुलाच्या पोटाची आहे, आणि भेटही मुलाचीच आहे. एकीची थकबाकी दुसरीत वळती करता येत नाही. २०२० साली यशिता साहू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाची गरज असते, आणि प्रत्यक्ष भेट होत नसेल तेथे फोनवरून, व्हिडिओवरून तरी त्याचा संपर्क राहिला पाहिजे.

पोटगी थकली तर तिच्यासाठी स्वतंत्र वाट आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. मिळकत लपवण्याचा खेळही पूर्वीइतका सोपा नाही. नागपूरहून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात २०२० साली असे ठरले की दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावीत. आमचे काही सभासद ओव्हरटाइम दाखवत नाहीत. आम्ही त्यांना सांगतो, पगारपत्रक युनियनकडेही असते! भेट अडली तर त्यासाठी ज्या न्यायालयाने हुकूम दिला तेथेच अर्ज करावा. घरात मारहाण होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्याकडून मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. आणि भेटीने मुलाला अपाय होईल असे दिसले, तर तो भेट नाकारूही शकतो. सगळ्याच भेटी चांगल्या असे आमचे म्हणणे नाही. दारू पिऊन येणाऱ्या बापासाठी मुलाला नटवून उभे करावे, असे कोणी म्हणणार नाही.

खर्चाचे काय, असे आपण म्हणाल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी आहे. तीत स्त्रिया आणि मुले आहेत, आणि औद्योगिक कामगारही आहेत. हे शेवटचे दोन शब्द आम्ही युनियनच्या फलकावर रंगवून घेतले आहेत, कारण दहापैकी नऊ कामगारांना ते ठाऊक नसतात आणि ते सावकाराकडे जातात.

आता आमच्या स्वतःच्या विद्येचे थोडेसे. तडजोडीने भेट ठरते तेव्हा कागदावर बहुधा लिहिलेले असते, ‘वडिलांना मुलास वाजवी वेळी भेटता येईल.’ असा करार आमच्यापुढे कारखान्यात कोणी ठेवला, तर आम्ही तो परत करतो. वाजवी म्हणजे काय? कोणाच्या घड्याळाप्रमाणे? वार लिहावा, वेळ लिहावी, जागा लिहावी, मुलाला आणणार कोण आणि पोहोचवणार कोण तेही लिहावे. परीक्षा, आजार, दिवाळीची आणि मेची सुट्टी, मुलाच्या शाळेतला कार्यक्रम यांची सोय आधीच करावी. आणि रोजगाराकडे पाहावे! एका सभासदाला महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार मिळाला. त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची होती. चार भेटी चुकल्या, आणि बापाला मुलीची ओढ नाही असे तिकडच्या वकिलाने लिहून दिले. साखर कारखान्यातल्या माणसाला गळिताच्या हंगामात रविवार दिला काय आणि अमावास्या दिली काय, सारखेच. त्याचे दिवस हंगामानंतर वाढवून मागावेत. आम्ही आता भेटीच्या दिवशी पाळी बदलून मिळावी म्हणून व्यवस्थापनाला पत्र देतो. मागणीपत्रात ही मागणी घालायची म्हटली, तेव्हा आमच्याच कार्यकारिणीत काही जण हसले होते. व्यवस्थापनाने मात्र आजवर एकदाही नाही म्हटलेले नाही. पगारवाढीला ते इतक्या लवकर मान डोलावत नाहीत!

जागेचा प्रश्नही लहान नाही. न्यायालयाचे आवार मुलाला भेटण्याची जागा नव्हे. तेथे बेड्या घातलेली माणसे जातात-येतात. आजोळचे अंगण दुसऱ्या पक्षाला शत्रूचा मुलूख वाटते. सातारा आणि सांगली हा १९४९ पर्यंत एकच जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. वाटणी झाली, तरी कृष्णा दोघांकडून वाहते आणि ती कोणाच्या ताब्यात, असा दावा या दोन जिल्ह्यांनी लावल्याचे ऐकिवात नाही. राज्यांनी लावला, तो लवादापुढे किती वर्षे चालला ते आपण जाणता. तेव्हा साताऱ्याच्या बापासाठी आणि सांगलीच्या आईसाठी आम्ही सहसा मधले कऱ्हाड सुचवतो. गाड्या भरपूर, गर्दी असल्याने कोणी आवाज चढवत नाही, आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावर मूल तास दोन तास रमते.

उद्या महिन्यातला दुसरा रविवार आहे, म्हणून हे भाषण झाल्यावर प्रश्नोत्तरांना आम्हाला फार वेळ थांबता येणार नाही, याबद्दल क्षमा असावी. सकाळची कऱ्हाडची गाडी गाठायची आहे. तेथे एक मुलगी सांगलीहून आईबरोबर येते आणि साताऱ्याहून तिचे वडील येतात. मुलगी दोघांशी बोलते. ते दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून तिचे दप्तर आणि खोकल्याच्या औषधाची बाटली एकाकडून घेऊन दुसऱ्याकडे द्यायला, आणि औषध किती वाजता द्यायचे ते सांगायला, तिसरा माणूस लागतो. तो माणूस सध्या आम्ही आहोत.